आसन एक, प्रवासी दोन : शाळेतला तिकीट-तक्ता आणि आपला तोडणी कार्यक्रम



गाळप हंगाम तोंडावर आला, की गट कार्यालयात येणाऱ्या सभासदाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, माझा नंबर कधी लागते?" त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो, आणि तो जरा खालच्या आवाजात विचारला जातो. "शेजारच्या वावरातला ऊस माझ्यामागून लावला, मग तो आधी कसा तुटला?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत असतात. परंतु वही दाखवली म्हणजे माणसाचे समाधान होते असे नाही, कारण ती कोणत्या नियमाने लिहिली हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्याचे एक चांगले साधन आम्हास शाळेच्या वर्गात मिळाले, म्हणून या अंकातील पाठ बेणे-खतांचा नसून एस.टी.च्या तिकिटाचा आहे.

मानोरा तालुका मूळचा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. ऊस आहे तो नदीकाठच्या आणि धरण-विहिरींच्या ओलिताच्या पट्ट्यात. या पट्ट्यातील सभासदांची मुले आठवी-नववीत संगणक शिकतात. म्हणजे काय शिकतात, तर बहुतेक ठिकाणी चित्र रंगवणे आणि आपले नाव मोठ्या अक्षरांत टंकणे. शाळेत संगणक चार आणि मुले चाळीस, त्यामुळे शिक्षकांनाही फार बोल लावता येत नाही. अशा एका वर्गाला आम्ही हिशेबाच्या तक्त्यावर, ज्याला इंग्रजीत स्प्रेडशीट म्हणतात त्यावर, बसच्या आरक्षणाची पद्धत उभी करण्याचा पाठ दिला. त्यासाठी विकतचे काही लागत नाही. एक्सेल नसले तर लिब्रेऑफिस कॅल्क फुकट मिळते आणि तेवढे काम ते चोख करते.

तिकीटच का निवडले? कारण एस.टी. हे मुलांचे रोजचे वाहन आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून खेड्यातल्या माणसाचा बाहेरच्या जगाशी व्यवहार तिच्यावरच चालत आला. त्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीस्थानी रामनवमीला देशभरातून बंजारा समाज येतो. त्या दिवसांत गाडीत आसन मिळणे म्हणजे काय, हे मानोऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही.

पाठाची सुरुवात संगणकावर केली नाही. चौकटीची वही घेतली. एका गाडीत ४० आसने. वहीच्या डाव्या बाजूस १ ते ४० आकडे, पुढे प्रवाशाचे नाव, वय, स्त्री की पुरुष, कोठून, कोठे, भाडे. मग वर्गाचे दोन भाग केले. दोन मुलांना आरक्षण कारकून नेमले, दोघांना दोन स्वतंत्र वह्या दिल्या आणि बाकीच्या मुलांनी रांगेत उभे राहून तिकिटे काढली. दहा मिनिटांत दोन्ही वह्या एकमेकींशेजारी ठेवल्या तेव्हा आसन क्रमांक ३ दोघांना दिलेले निघाले, ७ दोघांना आणि खिडकीचे ११ सुद्धा दोघांना. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, एका शीटवर दोन माणसं कशी बसतीन?" आरक्षणाच्या शास्त्राचा सगळा गाभा त्याने एका वाक्यात विचारला होता.

रेल्वेलाही हाच प्रश्न सोडवावा लागला. पूर्वी आरक्षण मोठाल्या वह्यांवर चाले. वह्या वेगवेगळ्या गावी असल्याने स्टेशनागणिक जागांचा कोटा वाटून द्यावा लागे. एका स्टेशनचा कोटा न विकता पडून राही आणि दुसऱ्या स्टेशनवर लोक प्रतीक्षा यादीत ताटकळत. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून, दिल्लीपासून सुरुवात होऊन, संगणकावर आरक्षण आले आणि मग खिडक्या अनेक पण वही एक अशी स्थिती झाली. २००२ साली आय.आर.सी.टी.सी.मार्फत घरबसल्या तिकीट निघू लागले, तरी तत्त्व तेच राहिले. अमेरिकेत विमान कंपन्यांनी हेच काम १९६० च्या दशकात केले, त्यासाठी खोलीभर यंत्रे लागली. तक्त्याचा कार्यक्रम मात्र त्यामानाने अलीकडचा. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी 'व्हिजिकॅल्क' नावाचा पहिला घरगुती संगणकावरचा तक्ता बाजारात आणला. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलतात, एवढीच त्याची करामत. वहीत खाडाखोड करून हिशेब पुन्हा मांडणाऱ्यालाच तिची किंमत कळेल.

संगणकावर आल्यावर मुलांना पहिले सूत्र दिले ते मोजणीचे, काउंटइफ. (सूत्रे टंकताना इंग्रजी अक्षरांतच टंकावी लागतात, येथे वाचण्यापुरती देवनागरीत देत आहोत.) "या आसन-रकान्यात हाच क्रमांक किती वेळा आला?" असे ते सूत्र विचारते. उत्तर १ आले तर ठीक, २ आले तर चौकट लाल करावी, असा हुकूम तक्त्याला देता येतो. त्याहून पुढे जाऊन, दुसऱ्यांदा तोच क्रमांक टंकू लागले तर तक्त्याने तो स्वीकारूच नये, अशीही तजवीज आहे. मुलांना हे फार आवडले. परंतु एका मुलीने दुसरीकडचा मजकूर उचलून तेथे चिकटवला आणि तक्त्याने तो मुकाट्याने घेतला! टंकताना अडवणारा हा दरवान चिकटवताना झोपा काढतो. म्हणून अडवणूक आणि लाल खूण ही दोन्ही ठेवावी लागतात.

आता अवघड भाग. गाडी दिग्रसहून निघाली, मानोरा, मंगरूळपीर करीत वाशिमला जाणार. दिग्रसला बसलेला प्रवासी मानोऱ्याला उतरला तर त्याचे १२ क्रमांकाचे आसन पुढे रिकामेच जाणार. ते मानोरा ते वाशिम दुसऱ्याला द्यायला हरकत काय? हरकत नाही, पण मग "एक क्रमांक एकदाच" हा आपला नियम मोडतो आणि तक्ता उगाच लाल होतो. येथे मुले अडली. आम्ही घाई केली नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत प्रश्न तसाच ठेवला.

उत्तर असे निघाले. थांब्यांना आकडे द्यावेत. दिग्रस १, मानोरा २, मंगरूळपीर ३, वाशिम ४. प्रत्येक प्रवाशाचा 'चढ' आकडा आणि 'उतार' आकडा वेगळ्या रकान्यांत लिहावा. दोन प्रवाशांची टक्कर केव्हा होते? आसन तेच असेल, पहिला उतरण्याआधी दुसरा चढत असेल, आणि पहिला चढल्यानंतर दुसरा उतरत असेल, या तिन्ही गोष्टी एकदम जुळल्या तरच. काउंटइफ्स हे सूत्र तीन अटी एकदम तपासते. आसन तेच, चढ हा माझ्या उतारापेक्षा कमी, उतार हा माझ्या चढापेक्षा जास्त, अशा ओळी किती? आपली स्वतःची ओळ धरून उत्तर १ आले पाहिजे. दिग्रस-मानोरा (१ ते २) आणि मानोरा-वाशिम (२ ते ४) हे दोघे एकाच आसनावर सुखाने बसतात. त्यांत दिग्रस-मंगरूळपीर (१ ते ३) असा तिसरा घुसवला तर त्याच्या ओळीत ३ आकडा येतो आणि लाल खूण होते. मुलांनी हे बोटांवर मोजून पडताळले, मगच सूत्रावर विश्वास ठेवला. आम्हास ही सवय सूत्रापेक्षा मोलाची वाटली.

भाड्याच्या रकान्यात वेगळीच मौज झाली. समजा पूर्ण भाडे ८० रुपये. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ मधील ज्येष्ठांना अर्धे भाडे, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे भाडे. नियम चार, पण ते तक्त्यात कोणत्या क्रमाने लिहायचे? एका गटाने 'स्त्री असेल तर अर्धे' ही अट सर्वात वर लिहिली. मग ७८ वर्षांच्या आजीबाईंचे तिकीट काढले तर तक्त्याने ४० रुपये मागितले. आजोबा असते तर फुकट जाते! इफ या सूत्राला जी अट पहिली भेटते तिथेच ते थांबते, खालच्या अटी वाचतच नाही. वयाची अट वर आणली तेव्हा आजीबाई मोफत बसल्या. नियम सगळे बरोबर असूनही क्रम चुकला तर माणसावर अन्याय होतो, हे मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. आमच्या सभासदांनी या जागी क्षणभर थांबावे, कारण आता आम्ही तोडणीकडे वळत आहोत.

नोंदवही म्हणजे आरक्षणच

उसाची नोंद म्हणजे गव्हाणीवरील जागेचे आरक्षण आणि तोडचिठ्ठी म्हणजे तिकीट, असे समजून चालावे. गाडीची आसने ४० तशी कारखान्याची आसने म्हणजे दिवसाची गाळप क्षमता. समजा क्षमता रोजी २,५०० टन आहे आणि एकरी सरासरी ३० टन ऊस निघतो. तर एका दिवसात सुमारे ८३ एकर तोड बसते. कोणाच्या आग्रहाखातर त्या दिवशी १०० एकरांच्या चिठ्ठ्या फाडल्या तर ३,००० टन ऊस तुटेल आणि त्यातला ५०० टन अड्ड्यावर उभा राहील. बसमधला जादा प्रवासी निदान दांड्याला धरून उभा राहतो. तुटलेला ऊस तसा उभा राहत नाही. तो वाळतो, काट्यावर वजन घटते ते सभासदाचे नुकसान, आणि साखर उतारा घसरतो ते सर्वांचे. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असा आमचा आग्रह असतो. आग्रह करून चिठ्ठी घेणाऱ्याचे त्यात काही साधत नाही.

आता क्रमाचा प्रश्न. लागणीची तारीख ही मुख्य अट खरी, पण ती एकटी नाही. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा राहतो, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिने, सुरू आणि खोडवा बारा महिन्यांच्या आसपास तोडीस येतात. जातीप्रमाणेही फरक पडतो. कोसी ६७१ लवकर पक्व होणारा, को ८६०३२ त्यामानाने सावकाश. त्यामुळे फेब्रुवारीत लावलेला सुरू ऊस आणि त्याआधी तीन महिने लावलेला पूर्वहंगामी ऊस यांची तुलना नुसत्या तारखेने करता येत नाही. 'शेजाऱ्याने माझ्यामागून लावला' या तक्रारीत पुष्कळदा शेजाऱ्याचा खोडवा असतो, आणि खोडव्याची तारीख ही मागील तोडणीची तारीख धरली जाते. ७८ वर्षांच्या आजीबाईंसारखेच येथे आहे. कोणती अट आधी आणि कोणती नंतर, हे हंगामापूर्वी लिहून ठरलेले असले पाहिजे, आणि ते सभासदास वाचावयास मिळाले पाहिजे. चिठ्ठी फाडताना अटींचा क्रम ठरवू लागलो तर शेतकी खात्यावर कोणी विश्वास का ठेवावा?

दुबार आसनाचा रोग आपल्याकडे वेगळ्या वेषात येतो. एकाच गट नंबरातील ऊस दोघा भावांच्या नावे दोनदा नोंदला जातो, किंवा एकच ऊस आपल्याकडे आणि दुसऱ्याही कारखान्याकडे नोंदवला जातो. यात लबाडीच असते असे नाही. वाटण्या झालेल्या नसतात, थोरल्याने नोंद केली हे धाकट्याला ठाऊक नसते. पण त्या कागदी उसावर टोळ्यांचा अंदाज बांधला जातो, आणि फडात गेल्यावर दहा एकरांच्या जागी पाचच एकर निघतात. मुकादम टोळी घेऊन बसून राहतो, आणि ज्याचा ऊस खरोखर उभा आहे त्याची पाळी मागे जाते. मुलांचे काउंटइफ्स येथे जसेच्या तसे चालते. गाव तेच, गट नंबर तोच, अशा ओळी किती? एकाहून अधिक आल्या तर त्यांच्या क्षेत्रांची बेरीज करून ती सातबाऱ्यावरील क्षेत्राशी ताडून पाहायची. बेरीज कमी असेल तर दोन्ही नोंदी खऱ्या असू शकतात, जसे १२ क्रमांकावरचे दोन प्रवासी. बेरीज जास्त असेल तर मात्र चौकशी करावी लागते. दुसऱ्या कारखान्याच्या वहीत काय आहे ते अर्थात आपला तक्ता सांगू शकत नाही. ती दुसरी वही झाली.

तारखेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वात महाग चूक येथे होते. १२/११ असे लिहिले तर आपण १२ नोव्हेंबर वाचतो. संगणक अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला असेल तर तो तीच तारीख ११ डिसेंबर धरतो, आणि लाल खूणही करीत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्याच आहेत. सभासदाचा ऊस २९ दिवस मागे गेला, आणि कोणालाच कळले नाही. तेवढ्या दिवसांत फड रिकामा होऊन मागाहून घ्यायच्या पिकाची वेळ निघून जाते, उन्हाळा जवळ आला तर पाण्याच्या पाळ्या वाढतात त्या वेगळ्याच. मुलांच्या वर्गात आम्ही यावर असा उपाय केला की दिवस, महिना आणि वर्ष तीन वेगळ्या रकान्यांत लिहायचे आणि महिना अक्षरांत. तक्ता जरा लांब होतो, होऊ द्यावा.

गावांच्या नावांचेही तसेच. एकाने 'पोहरादेवी' लिहिले, दुसऱ्याने 'पोहरागड', तिसऱ्याने 'पोहरा देवी' मध्ये जागा सोडून. माणसाला हे एकच गाव आहे, तक्त्याला ही तीन गावे. आकडे एकाने मराठी अंकांत आणि दुसऱ्याने इंग्रजीत टंकले तरी मोजणीत घोळ होऊ शकतो. यावर इलाज म्हणजे नाव टंकूच द्यायचे नाही, तयार यादीतून निवडायला लावायचे. मुलांनी थांब्यांची यादी करून हे काम अर्ध्या तासात उरकले.

सभासदांपैकी कोणी म्हणेल, की संगणक आला तर मग वशिला संपेल काय? मुलांच्या वर्गातच याचे उत्तर मिळाले. गाडी भरल्यावर एका कारकून-मुलाने आपल्या मित्रासाठी ५ क्रमांकावरचे नाव खोडून मित्राचे नाव घातले. तक्ता हिरवाच राहिला! कोणतेही सूत्र मोडले नव्हते. मग वर्गात बरीच बाचाबाची झाली आणि मुलांनी स्वतःच एक नवा कागद जोडला. नाव खोडायचे नाही, रद्द केलेली ओळ तशीच ठेवून पुढे कारण, वेळ आणि खोडणाऱ्याचे नाव लिहायचे, आणि गाडी सुटण्यापूर्वी यादी दारावर लावायची. रेल्वेच्या डब्याला पूर्वी आरक्षणाची यादी चिकटवलेली असे, ती पद्धत मुलांनी न पाहताच शोधून काढली. आमच्या मते तोडणी कार्यक्रमाला सूत्रांपेक्षा या कागदाची गरज अधिक आहे. पाळी बदलावी लागते हे खरे. कुठे ऊस जळतो, कुठे तुरा येतो, कुठे रस्ता पाण्याखाली जातो, कुठे टोळी निघून जाते. बदल करू नये असे कोणीच म्हणणार नाही. तो कोणी, केव्हा आणि कशासाठी केला हे गट कार्यालयाच्या फळ्यावर दिसावे, एवढी मागणी सभासदाने जरूर करावी.

घरी हा पाठ करून पाहणाऱ्या मुलांसाठी दोन सूचना. तक्त्याची फाईल पेनड्राइव्हवर घेऊन दोन संगणकांवर वेगवेगळी भरू नये, दोन वह्यांचा खेळ पुन्हा सुरू होतो. आणि सरावासाठी खऱ्या माणसांची नावे व फोन नंबर वापरू नयेत, मनची नावे घालावीत.

नोंदणीस येताना सभासदांनी चालू सातबारा आणावा. लागणीची तारीख महिन्याच्या नावासह सांगावी, खोडवा असल्यास मागील तोडीची तारीख सांगावी. क्षेत्र सामाईक असल्यास सर्व भावांनी एकत्र येऊन कोणाच्या नावे किती क्षेत्र नोंदवायचे ते एकदाच ठरवावे. नोंदीची पावती मिळाल्यावर जागेवरच गट नंबर, जात, हंगाम आणि तारीख वाचून पाहावी. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सोबत आणावे, ती पावती आमच्या कारकुनापेक्षा बारकाईने तपासतील. ज्या शाळांना हा तिकिटाचा पाठ आपल्या वर्गात घ्यावयाचा असेल त्यांच्या मुख्याध्यापकांनी गट कार्यालयात निरोप द्यावा. चौकटीच्या वह्या मात्र शाळेने आणाव्यात.